पुरात तगणारा भात आणि नव्याने जन्मलेली जनुके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्टात नदी फुगते, खाचरांवरून पाणी जाते, आठवड्याने ओसरते आणि मागे कुजलेल्या रोपांचा वास उरतो. 2020 च्या ऑगस्टात वैनगंगेच्या पुराने भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या शेतकऱ्यांनी हेच पाहिले. पाण्याखाली दोन आठवडे पूर्ण बुडूनही जिवंत राहणारा भात मात्र अस्तित्वात आहे. त्याच्याकडे एक असे जनुक आहे, जे बहुतेक भातांकडे नाहीच. ‘नवी जनुके’ हा विषय समजून घ्यायला मला यापेक्षा चांगले उदाहरण माहीत नाही. म्हणून इथली बरीच उत्तरे भाताभोवती फिरतात.

जनुक ‘नवे’ म्हणजे किती नवे?

एखादे जनुक एकाच प्रजातीत किंवा तिच्या मोजक्याच वाणांत सापडते आणि जवळच्या नात्यातल्या वनस्पतींत त्या जागी काहीच नसते, तेव्हा त्याला नवे म्हणतात. त्याचे वय काही हजार वर्षे असेल किंवा काही लाख. जमिनीवरच्या वनस्पतींचा इतिहास जवळपास 50 कोटी वर्षांचा आहे, त्या हिशेबात हे कालचेच.

कोणत्याही सजीवाचा जनुकसंच, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला की साधारण दहा ते वीस टक्के जनुकांचे इतरत्र कुठे नातलग सापडत नाहीत. त्यांना ‘अनाथ जनुके’ म्हणतात. हा शब्द मला फारसा पटत नाही. त्यांतल्या अनेकांना आईबाप असतात, पण बदल इतके साचलेले असतात की संगणकाला चेहरा जुळवता येत नाही. त्यामुळे ‘अनाथ’ म्हणून नोंदलेले प्रत्येक जनुक नवेच असते असे धरून चालू नये.

नवे जनुक येते तरी कुठून?

मुख्यतः तीन वाटांनी.

सर्वांत वहिवाटीची वाट म्हणजे प्रत निघणे. पेशी विभागताना कधी एखाद्या जनुकाची जादा प्रत तयार होते. मूळ प्रत नेहमीचे काम करत राहते, त्यामुळे दुसरीवरचा पहारा सैल होतो. तिच्यात बदल साचत जातात. बहुतेक वेळा ती निकामी होऊन पडते, क्वचित एखादीला नवे काम सापडते. सुसुमु ओहनो यांनी 1970 मध्ये हा विचार ठामपणे मांडला आणि त्याला पुरावे मिळतच गेले. वनस्पतींत तर ही वाट रुंदच आहे, कारण त्यांच्यात कधी कधी सबंध जनुकसंचच दुप्पट होतो. आपल्या पोळीच्या गव्हात तीन वेगवेगळ्या गवतांचे जनुकसंच एकत्र नांदतात आणि जनुकांची संख्या एक लाखाच्या वर जाते. माणसाची आहेत साधारण वीस हजार.

दुसरी वाट म्हणजे उसनवारी. 2019 मध्ये काही शेवाळांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाण्याचा ताण पडला की पानांची रंध्रे मिटवायला सांगणारे संप्रेरक म्हणजे ॲब्सिसिक आम्ल. ते ओळखणाऱ्या प्रथिनांचे घराणे वनस्पतींच्या पूर्वजांनी मातीतल्या जिवाणूंकडून घेतले असावे, असे त्या अभ्यासातून दिसते. आज दुष्काळात ज्वारीचे पान स्वतःला सावरते, त्यामागे ती जुनी उसनवारी आहे.

तिसऱ्या वाटेवर बराच काळ कुणाचा विश्वास नव्हता. जिथे जनुक नव्हतेच, तिथल्या निरर्थक वाटणाऱ्या डीएनएतून ते उभे राहणे. फ्रान्स्वा जाकोब यांच्यासारख्या नोबेल विजेत्यानेही 1977 मध्ये याची शक्यता जवळजवळ शून्य मानली होती. या वाटेवर पुढे पुन्हा येऊच.

पुरात तगणाऱ्या भाताचे जनुक कोणते?

त्याचे नाव सब-1ए. गोष्ट सुरू होते ओडिशात. तिथल्या पूरपट्ट्यात ‘ढालपुत्तिया’ नावाचा गावठी भात होता. त्यातून निवड करून ‘एफआर 13 ए’ हा वाण काढला. एफआर म्हणजे ‘फ्लड रेझिस्टंट’, पुराला दाद न देणारा. दाणा सुमार, उतारा कमी, पण बुडाल्यावर मरत नाही. पैदासकारांना हा गुण हवा होता, पण तो आणायला गेले की सुमारपणाही मागोमाग यायचा.

1996 मध्ये केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी दाखवले की या गुणाचा मोठा भाग नवव्या गुणसूत्रावरच्या एकाच जागी बसलेला आहे. 2006 मध्ये पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि मॅकिल यांच्या गटांनी ते जनुक नेमके हातात घेतले. तेव्हा कळलेली गोष्ट अशी: त्या जागी एका घराण्यातली तीन जनुके शेजारी शेजारी असू शकतात. सब-1बी आणि सब-1सी सगळ्या लागवडीच्या भातांत आहेत. सब-1ए हे त्याच भावकीतून प्रत निघून झालेले तिसरे भावंड, आणि ते मोजक्याच भातांत आहे. ज्या जपानी वाणाचा जनुकसंच जगाने नमुना म्हणून आधी वाचला, त्या ‘निप्पोनबारे’त ते मुळीच नाही.

असणेही पुरेसे नाही. काही वाणांत सब-1ए आहे, पण त्याचे रूप वेगळे आहे आणि पुरात ते फारसे जागे होत नाही. तगणाऱ्या आणि न तगणाऱ्या रूपांच्या प्रथिनांत एका ठिकाणी एकाच अमिनो आम्लाचा, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या एकाच कडीचा, फरक दिसतो.

ते काम कसे करते?

आढीत आंबा पिकवणारा एथिलीन वायू झाडाच्या अंगातही सतत थोडा थोडा तयार होत असतो आणि हवेत निघून जातो. पाण्यात वायू हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू पसरतात. रोप बुडाले की एथिलीन आतच कोंडतो. रोपाला बुडाल्याची वर्दी मिळते ती अशी.

साधा भात ही वर्दी मिळताच घाबरल्यासारखा उंच व्हायला लागतो, पाण्याबाहेर डोके काढायला. पाणी कमी असेल तर हे शहाणपणाचे. पण पूर डोक्यावरून मीटरभर असेल, तर साठवलेली साखर आणि पिष्ट त्या धावपळीत संपते आणि आठवडाभरात रोप आडवे होते.

सब-1ए नेमका उलटा हुकूम सोडते: थांब. वाढ करणाऱ्या जिबरेलिन संप्रेरकाला लगाम घालणारी प्रथिने ते वाढवते. रोप वाढ रोखते, शिदोरी जपते, आणि पाणी ओसरले की त्याच साठ्यावर नवी पाने फोडते. मला या यंत्रणेतले सर्वांत विलक्षण वाटते ते हे की नव्या जनुकाने नवे काही घडवलेले नाही. एथिलीन जुना, जिबरेलिन जुने, लगामही जुनेच. नव्याने आला तो फक्त निर्णय.

पण काही भात पुरात उंच होऊन तगतात असे ऐकले आहे. ते चूक आहे का?

नाही, तेही खरे आहे. बांगलादेशात आणि आसामात महिनोन्‌महिने पाणी उभे राहते. तिथले खोल पाण्यातले भात दिवसाला 20 ते 25 सेंटिमीटर वाढू शकतात. पेरे लांबत जातात आणि शेंडा पाण्याबरोबर वर चढतो. जपानच्या नागोया विद्यापीठात मोतोयुकी आशिकारी यांच्या गटाने 2009 मध्ये यामागची दोन जनुके शोधली आणि त्यांना ‘स्नॉर्कल’ असे नाव दिले. पाणबुड्याच्या श्वासनळीवरून. हीही साध्या भातात नाहीत, आणि गंमत म्हणजे ती सब-1ए च्याच मोठ्या घराण्यातली आहेत. तोच एथिलीन, तीच वर्दी. एक म्हणते थांब, दुसरे म्हणते धाव. चार दिवसांच्या पुराला पहिले बरोबर, चार महिन्यांच्या पाण्याला दुसरे.

एवढ्याशा जनुकाचा शेतात खरेच फरक पडतो?

हो. आंध्रातला लोकप्रिय ‘स्वर्णा’ वाण घेऊन त्यात फक्त हे जनुक आणले गेले आणि 2009 मध्ये ‘स्वर्णा-सब1’ भारतात प्रसारित झाला. पूर आला नाही तर तो स्वर्णाइतकाच पिकतो. साधारण दोन आठवड्यांपर्यंत बुडाला तर स्वर्णाच्या कितीतरी पुढे राहतो.

2013 मध्ये ओडिशातल्या शेतकऱ्यांच्या शेतांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यातली एक ओळ मला कुठल्याही जनुकनकाशापेक्षा मोलाची वाटते. सखल, पाणी तुंबणाऱ्या जमिनी अनुसूचित जातींच्या कुटुंबांकडे जास्त आहेत. साहजिकच या वाणाचा फायदा त्यांना अधिक झाला. वाईट जमीन कुणाच्या वाट्याला आली याला इतिहास आहे, आणि बियाण्यातला एक बदल आधी तिथे पोहोचला.

त्याच्या मर्यादा कोणत्या?

बऱ्याच आहेत आणि त्या विक्रेता सांगत नाही. पाणी गढूळ आणि कोमट असेल तर दोन आठवड्यांची मुदत घटते. गुडघा-मांडीपर्यंतचे पाणी महिनाभर तुंबून राहिले, तर उंच न होणारे रोप उलट मागे पडते. आणि पेरलेले बी चिखलाखाली गुदमरते तेव्हा सब-1ए चा उपयोग नाही. तिथे वेगळे जनुक लागते. ते ब्रह्मदेशातल्या एका वाणात सापडले आणि प्रसिद्ध ‘आयआर 64’ मध्ये तो तुकडाच गहाळ आहे.

ताण आला की झाड गरजेप्रमाणे नवे जनुक तयार करते का?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे थांबायला हवे.

प्रत निघणे, अक्षर बदलणे, तुकडा गळणे हे सगळे अंधपणे होत असते. पूर नसलेल्या माळावरही होते. झाडाला काय हवे आहे याची त्या बदलाला खबर नसते. पूर येतो तेव्हा ज्यांच्याकडे आधीच सोयीचा बदल आहे ती उरतात, बाकीची जातात. पुढच्या हंगामाचे बी उरलेल्यांचेच. गावठी भातात याला माणसाच्या हाताची जोड मिळाली. ओसरलेल्या खाचरात उभी राहिलेली चार रोपे पाहून त्यांच्या लोंब्या वेगळ्या काढणारा शेतकरी त्या निवडीत सामील होताच.

एक बारकावा मात्र सांगायला हवा. तीव्र ताणात डीएनएतले काही ‘उड्या मारणारे’ तुकडे जास्त सक्रिय होतात आणि त्यामुळे बदलांची संख्या वाढू शकते. पण वाढते ती संख्या. दिशा नव्हे.

शून्यातून जनुक जन्मते हे सिद्ध झाले आहे का?

झाले आहे, आणि त्यातही भात आहे. 2019 मध्ये भात आणि त्याच्या रानटी भाऊबंदांचे जनुकसंच शेजारी मांडून केलेल्या अभ्यासात, पूर्वजांकडे जनुक नसलेल्या जागी उभी राहिलेली किमान 175 जनुके भातात सापडली. क्रमही दिसला: बहुतेक ठिकाणी तो तुकडा आधी नुसताच वाचला जाऊ लागला, त्यापासून आरएनए, म्हणजे प्रथिनाआधीची नक्कल, बनू लागले, आणि प्रथिन बनण्याजोगी अक्षरे नंतर जुळली.

पण एखादे शून्यजात जनुक काय काम करते हे सर्वांत नीट कळले ते अरबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात. अमेरिकेच्या आयोवा राज्य विद्यापीठात ईव्ह वुर्टेले आणि लिंग ली यांच्या गटाला 2009 मध्ये ‘क्यूक्यूएस’ हे जनुक सापडले. प्रथिन जेमतेम 59 अमिनो आम्लांचे. जगात दुसऱ्या कुठल्याही प्रजातीत नाही. ते पानातल्या पिष्टाचे प्रमाण ठरवते आणि ताणानुसार त्याची पातळी वरखाली होते. तेच जनुक सोयाबीन, मका आणि भातात घातले तर तिथे प्रथिनाचे प्रमाण वाढते. जी पिके त्याला कधी भेटलीच नाहीत त्यांना त्याची भाषा कशी कळावी? कारण ते ज्याला जाऊन चिकटते ते जुने नियंत्रक प्रथिन सगळ्या वनस्पतींत आहे. सब-1ए मध्ये जे दिसले तेच इथे: नवे जनुक जुन्या घरात येऊन एखाद्या बटणाजवळ उभे राहते.

प्रती वाढल्या, पण नवे काम मिळाले नाही, तर काही उपयोग?

खूप. कधी कधी संख्या हेच उत्तर असते. अल्जीरियातल्या ‘सहारा’ नावाच्या गावठी जवाला बोरॉनचे विष बाधत नाही, कारण बोरॉन बाहेर फेकणाऱ्या जनुकाच्या त्याच्याकडे साध्या जवाच्या साधारण चौपट प्रती आहेत. काही मक्यांत ॲल्युमिनियमपासून मूळ वाचवणाऱ्या जनुकाच्या तीन प्रती आहेत. आम्लधर्मी जमिनीत त्यांचाच टिकाव लागतो.

सर्वांत धडकी भरवणारे उदाहरण राजगिऱ्याच्या कुळातल्या एका अमेरिकी तणाचे आहे. शेतात वर्षानुवर्षे एकच तणनाशक, ग्लायफोसेट, फवारले गेले. 2010 मध्ये कळले की जॉर्जिया राज्यातल्या या तणाने, ग्लायफोसेट ज्या जनुकावर घाव घालते त्याच्या पाचपासून दीडशेहून अधिक प्रती जमवल्या आहेत. त्यांतल्या अनेक गुणसूत्राबाहेर, सुट्या कड्यांच्या रूपात आहेत, हे पुढे कळले. एवढ्या लक्ष्यांना विष पुरे पडत नाही. विदर्भात विनापरवाना तणनाशकसहिष्णू कापसाबरोबर हेच औषध हंगामामागून हंगाम मारले जाते, म्हणून ही गोष्ट परक्या देशाची समजून सोडू नका.

आपल्या भागातल्या रानटी वनस्पतींत असे काही सापडले आहे का?

कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या सड्यावर मे महिन्यात चालून पाहा. जांभ्यावर चिकटलेले बोटभर गवत कुसकरले तर भुगा होतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर दिवस-दोन दिवसांत तेच गवत हिरवे असते, नवे फुटवे नव्हे, तीच पाने. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी पश्चिम घाटातून अशा 62 प्रजातींची नोंद केली आहे.

याच प्रकारातले ऑरोपेटियम हे गवत भारतात आणि आफ्रिकेत सापडते. त्याचा जनुकसंच 2015 मध्ये वाचला गेला. पुढे अशा सुकून जगणाऱ्या निरनिराळ्या वनस्पतींची तुलना झाली, तेव्हा एक समान गोष्ट पुढे आली. उन्हापासून हरितद्रव्याचे रक्षण करणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाच्या त्यांच्यात रांगेने कितीतरी जादा प्रती आहेत. एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या कुळांनी हीच युक्ती वेगवेगळी शोधली. सड्यावर खाण किंवा बंगल्यांची वसाहत आणताना ‘इथे काहीच नाही’ असे कागदावर लिहिले जाते, तेव्हा मला हे गवत आठवते.

म्हणजे प्रत्येक काटक वाणाकडे नवे जनुक असतेच?

नाही. गोव्याच्या खाजनातला कोरगुट किंवा केरळचा पोक्काळी खाऱ्या पाण्यात पिकतो. पण खारेपणा सोसणाऱ्या भातांत नीट उलगडलेल्या जनुकांपैकी एक, पानाकडे जाणारे मीठ वाटेतच काढून घेणारे, सगळ्या भातांत आहे. बंगालच्या ‘नोना बोक्रा’त त्याचे रूप अधिक कार्यक्षम आहे, एवढेच. नवे जनुक आणि जुन्याचे नवे रूप, दोन्ही उपयोगी. मात्र शोधण्याची पद्धत वेगळी. रूप असेल तर तुलना करता येते. जनुकच नसेल तर तुलना कशाशी करणार?

मग अशी जनुके इतकी वर्षे नजरेतून निसटली कशी?

कारण नमुना एकच होता. निप्पोनबारेचा जनुकसंच 2005 मध्ये पूर्ण झाला. अकराव्या गुणसूत्राच्या कामात भारतही होता. त्यानंतर जगभर प्रत्येक भाताचे तुकडे त्याच नकाशावर बसवून पाहिले गेले, आणि न बसणारे बाजूला पडले.

‘कासालाथ’ या पूर्व भारतातल्या गावठी भाताचे असेच झाले. स्फुरद कमी असलेल्या जमिनीतही तो तगतो. त्याचे कारण असलेले जनुक 2012 मध्ये सापडले. ते कोवळ्या रोपाची मुळे वाढवते. निप्पोनबारेत तो सबंध तुकडाच नाही. जांभ्या मातीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला जखडून बसते हे कोकणातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

2018 मध्ये 3,010 भातांचे जनुकसंच एकत्र पाहिले गेले, आणि नमुन्यात नसलेली दहा हजारांहून जास्त जनुके निघाली. आज ‘भाताचा जनुकसंच’ असे एकवचनी बोलणेच चुकीचे ठरेल.

स्वर्णा-सब1 हे जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक घातलेले, बियाणे आहे का?

नाही. साध्या परागीकरणाने केलेला संकर आहे. स्वर्णाशी पुन्हा पुन्हा संकर करत गेले आणि प्रत्येक पिढीत डीएनए तपासून फक्त हवा तो तुकडा असलेली रोपे ठेवली.

दुष्काळासाठी असे एखादे जनुक का मिळत नाही?

पूर हा एकच प्रसंग आहे, दुष्काळ अनेक आहेत. लावणीनंतरची उघडीप वेगळी, लोंबी बाहेर पडताना पाणी तुटणे वेगळे, शेवटी ओल संपणे वेगळे. मूळ, रंध्रे, फुलोऱ्याची वेळ, प्रत्येकाचा हिशेब निराळा आणि प्रत्येकात थोडा थोडा वाटा असलेली पुष्कळ जनुके. तरी एक नोंद: सब-1ए असलेली रोपे पाणी ओसरल्यावरच्या कोरडेपणातूनही चांगली सावरतात, असे 2011 मध्ये दिसले. बुडून वर आलेल्या रोपाला तहान लागतेच.

घरात आजोबांच्या वेळचे गावठी भाताचे बी आहे. ते जपावे का, आणि कसे?

जपाच. एफआर 13 ए ला उतारा नव्हता आणि कासालाथला बाजार नव्हता. त्यांच्यातले जनुक कळेपर्यंत ते कुणीतरी पेरत राहिले म्हणून हाती लागले.

बी उन्हात नव्हे, सावलीत कडकडीत वाळवा आणि हवाबंद डब्यात थंड जागी ठेवा. तरी दोन-तीन वर्षांत उगवण घसरते, म्हणून अधूनमधून थोडे पेरून ताजे बी धरा. शेजारच्या सुधारित वाणापासून थोडे अंतर ठेवा. राष्ट्रीय जनुक कोषाकडे किंवा जवळच्या कृषी विद्यापीठाकडे मूठभर नमुना देता येतो. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी करण्याची तरतूद 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात आहे. डब्यावर चिठ्ठी लावताना मात्र नुसते नाव लिहून थांबू नका. ते कोणत्या खाचरात पिकायचे, तिथे पाणी किती दिवस साचायचे, खारे होते की गोडे, आणि कोणत्या वर्षी सगळे गेले तेव्हा ते उभे राहिले होते, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच लिहून ठेवा.